भिंतीवर ‘कॅश’ लपवायचीय, पण विचारायचं कुणाला?

प्रश्न : ताई नमस्कार. मी घणसोलीत राहतो, आयटीत आहे. दोन वर्षांपासून जिओकॅशिंगचं वेड लागलंय. म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला डबा (त्यालाच ‘कॅश’ म्हणतात) जीपीएसवर शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच परत ठेवून द्यायचा. आत्तापर्यंत 34 सापडले, त्यातले निम्मे ऑफिसच्या कामाला जर्मनीत गेलो होतो तिथले. आता स्वतःचा एक लपवायचाय. पामबीच रोडला खाडीच्या बाजूला खारफुटीत एक भारी जागा सापडली, डबा ठेवला, फोटो काढले, खेळाच्या साइटवर टाकला, तर रिव्ह्यूअरने, म्हणजे नवे डबे तपासून मंजूर करणाऱ्याने, परत पाठवला, जागेची परवानगी कुणी दिली ते लिहा म्हणे. मग येऊरचा विचार केला, मग तलावपाळीचा, मग स्टेशनबाहेरच्या पार्किंगचा. पण परवानगी मागायची कुणाकडे हेच कळत नाही आणि मागायला गेलो तर लोक वेड्यात काढतील असं वाटतं. आपल्याकडे परवानगी मिळेल अशी एखादी तरी जागा असते का हो?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : पहिलं काम म्हणजे तो खारफुटीतला डबा काढून आणा. येत्या रविवारी वगैरे नाही, आजच, बाकीचं उत्तर डबा घरी आल्यावर वाचलंत तरी चालेल.

ऐरोली पूल ते वाशी पूल हा खाडीचा पट्टा 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळपास 1,690 हेक्टर, आणि 2022 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. तुम्ही म्हणाल माझी जागा पामबीचला, ती कुठे अभयारण्यात येते. नसेल येत. पण 2005 मध्ये हायकोर्टाने आदेश दिला तेव्हापासून राज्यात कुठलीही खारफुटी असो, तिची नासधूस करायची नाही आणि तिच्या 50 मीटरच्या आत बांधकाम-भराव काही करायचं नाही असं आहे. डबा म्हणजे काही भराव नव्हे, कबूल. तरी जरा पुढचा विचार करा, तुम्ही एकटे गेलात तेव्हा चिखलात चार पावलं उमटली आणि पुढच्या भरतीला पुसून गेली, पण डबा नकाशावर आला की वर्षभर लोक येणार, प्रत्येकजण आपापल्या बाजूने घुसणार, फांद्या वाकवून बघणार, ती चिखलातून वर आलेली टोकं असतात ना, खारफुटीची श्वास घ्यायची मुळं, त्यांच्यावर पाय देणार आणि सहा महिन्यांत तिथे चक्क पायवाट तयार. पायवाट झाली की कचरा टाकणाऱ्यालाही ती सापडते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

येऊरचं त्याहून सोपं आहे, कारण तिथे विचार करायचंच कारण नाही. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग, वर हवाई दलाचं केंद्र. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हाच 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, मग डबा ठेवणं लांबची गोष्ट. आणि लष्करी जागा, रेल्वेचे रूळ, धरण, विमानतळ, शाळा, असल्या ठिकाणांच्या आसपास रिव्ह्यूअर सहसा नाहीच म्हणतात, जगभर. त्यातून येऊरला बिबटे आहेत. डबा शोधणारा माणूस काय करतो, झुडपात हात घालतो, दगड उचलून बघतो, बहुतेक वेळा अंधार पडायला लागला तरी ‘अजून पाच मिनिटं’ करत बसतो. असा माणूस तुम्ही बिबट्याच्या अंगणात पाठवणार का?

राहिलं तलावपाळी आणि स्टेशनचं पार्किंग. इथे मी माझीच गोष्ट सांगते, कारण मीही हेच केलं होतं.

माझा पहिला डबा म्हणजे फोटोच्या रोलची जुनी काळी डबी, खाली लोहचुंबक चिकटवलेलं, ठाण्यातल्या एका तलावाकाठच्या लोखंडी बाकाखाली. कुणाला विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, साइटवर फॉर्म भरताना परवानगी आहे या चौकटीवर टिक केली आणि मोकळी झाले, कारण बाक काय, सगळ्यांचाच असतो! तीन आठवडे मजेत गेले. मग एका रविवारी सकाळी एक मुलगा त्या बाकाखाली अर्धा तास चाचपडतोय हे बघून मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांनी पोलिसांना फोन केला. आता आजोबांचं काय चुकलं सांगा. आपण रोज लोकलमध्ये बेवारस वस्तूला हात लावू नका हे ऐकत जातो. 2008 मध्ये वाशीच्या भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि चारच दिवसांत गडकरी रंगायतनच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, हे ठाणेकर आणि वाशीकर विसरलेले नाहीत. तर पोलीस आले, डबी उघडली, आत सुरळी केलेला कागद, त्यावर विचित्र टोपणनावं आणि समोर आकडे. हवालदारांनी विचारलं, मटक्याची चिठ्ठी का रे? तो बिचारा बंगळुरूचा, मटका म्हणजे त्याला माठ वाटला. त्याने ॲपवरून मला मेसेज टाकला, मी धावत गेले, चौकीत दोन तास बसून सॅटेलाइट, जीपीएस, अमेरिका सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, मॅडम ते सगळं ठीक आहे, पण बाक कुणाचा?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि तुमची गाडी अडलीय तीसुद्धा इथेच.

आपण सगळे काय करतो, आधी जागेच्या प्रेमात पडतो आणि मग तिचा मालक शोधत फिरतो, आणि तो मालक निघतो कुठलं तरी खातं, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, जिओकॅशिंग हा शब्द तिथे कुणी ऐकलेला नाही आणि हो म्हणायची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नसतं. उलटं करून बघा. आधी असा माणूस शोधा जो तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो, ज्याला त्या जागेबद्दल हो किंवा नाही म्हणायचा खरोखर अधिकार आहे आणि ज्याच्या नजरेसमोर ती जागा रोज असते. तो हो म्हणाला की मग त्याच्याच जागेत डबा कुठे बसतो ते बघायचं. जागा थोडी कमी भारी मिळेल, मिळू दे.

ठाणे-नवी मुंबईत असा मालक सगळ्यात जवळचा म्हणजे तुमचीच सोसायटी. पण गेटच्या आत ठेवू नका. आत ठेवला तर येणाऱ्याने वॉचमनला काय सांगायचं, रजिस्टरमध्ये ‘कुणाकडे’ या रकान्यात काय लिहायचं? खेळाचा नियमही साधारण असाच आहे की डब्यापर्यंत पोचायला कुणाशी बोलावं लागू नये, काही विकत घ्यावं लागू नये. म्हणून कंपाउंडच्या भिंतीची बाहेरची बाजू. भिंतीचा कोनाडा, पाइपच्या मागची फट, सोसायटीच्या नावाच्या पाटीची मागची बाजू. एक लक्षात ठेवा, भिंत सोसायटीची असली तरी फूटपाथ महापालिकेचा असतो, त्यामुळे फूटपाथवरचं झाड, दिव्याचा खांब, कुंडी यातलं काही सोसायटीच्या परवानगीत येत नाही. झाडाला खिळा तर कुठेच नाही, अगदी सोसायटीच्या आतल्या झाडालाही नाही.

अर्ज लेखी करा, सेक्रेटरींच्या नावाने. एक पानात बसवा. खेळ काय आहे दोन ओळीत, डबा केवढा आहे, आत फक्त कागद आणि पेन्सिल आहे, खणायचं नाही, भोक पाडायचं नाही, रंगाला धक्का नाही, शोधणारे दिवसाउजेडी येतील, सोसायटीने सांगितल्यापासून एका दिवसात डबा काढून नेईन, आणि तुमचा नंबर. जागेचा फोटो चिकटवा, त्यावर पेनने गोल काढून. शक्य असेल तर तो डबाच मीटिंगला घेऊन जा आणि सगळ्यांच्या हातात फिरवा, हातात घेतला की निम्मी भीती तिथेच जाते. मीटिंगच्या इतिवृत्तात एक ओळ लिहून घ्या, कारण कमिटी बदलली की नवे सेक्रेटरी म्हणणार हे काय भानगड आहे, तेव्हा ती ओळ कामाला येते.

आणि कृपा करून अर्जात ‘कॅश’ हा शब्द लिहू नका! माझ्या मैत्रिणीने नेरुळला विषय लिहिला होता, ‘कंपाउंड वॉलमध्ये कॅश लपविण्यास परवानगी मिळणेबाबत’. खजिनदार रात्री दहा वाजता तिच्या दारात. किती आहे, कुणाची आहे, आणि बँकेत का ठेवत नाही? इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं, cashier वाली ती कॅश (cash) वेगळी आणि ही लपवून ठेवलेल्या साठ्याची (cache) वेगळी, पण मराठीत बोलताना दोन्ही एकच. अर्जात सरळ ‘शोध-खेळाचा डबा’ लिहा.

सोसायटी नाही म्हणाली तर? माझा सध्याचा डबा घोडबंदर रोडला एका रोपवाटिकेच्या कुंपणाला आहे, बाहेरून हात पोचेल असा. मालक ओळखीचे, दहा वर्षं त्यांच्याकडून मोगरा नेतेय. त्यांनी अट घातली की मातीत काही पुरायचं नाही आणि रोपं तुडवायची नाहीत, मी अट घातली की डब्याच्या माहितीत मी रोपवाटिकेचं नाव लिहिणार नाही, कारण दुकानाची जाहिरात होईल असा डबा साइटवाले घेत नाहीत. गावठाणात राहत असाल किंवा ओळख असेल तर गावदेवीच्या मंदिराची कमिटीही असते, तिथल्या चौथऱ्याशी, गाभाऱ्यापासून लांब. तिथे फक्त उत्सवाच्या आधी स्वतः जाऊन डबा काढून आणायचा आणि गर्दी ओसरली की परत ठेवायचा.

महापालिकेच्या बागेतच ठेवायचा असेल तरी मार्ग बंद नाही, फक्त चिकाटी लागते. अर्ज उद्यान विभागाकडे. आधी बागेच्या गेटवरचा फलक नीट वाचा, बाग नक्की कुणाची ते त्यावर असतं, कारण आपल्या बाजूला काही सिडकोची, काही नवी मुंबई महापालिकेची, आणि खारघरकडे गेलात तर 2016 पासून पनवेल महापालिका आहे, तिथे अजूनच गोंधळ. आणि एक चूक करू नका जी बरेच जण करतात. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का बसला की लोकांना वाटतं परवानगी आली. तो शिक्का फक्त अर्ज मिळाला एवढंच सांगतो. उत्तराचं पत्र हातात येईपर्यंत डबा तुमच्या घरीच. पत्र आलं की बागेच्या माळ्याला आणि वॉचमनला जाऊन भेटा, डबा दाखवा. पत्र वरच्या साहेबांनी दिलेलं असतं पण झाडलोट करताना डबा कचऱ्यात जाणार की जागेवर राहणार हे माळीदादा ठरवतात.

परवानगी मिळाली की साइटवर फॉर्म भरताना रिव्ह्यूअरसाठी वेगळी चौकट असते, तिथलं लिखाण खेळाडूंना दिसत नाही. तिथे कुणी परवानगी दिली, त्यांचं पद, आणि त्यांना विचारून त्यांचा नंबर, पत्राचा फोटो. रिव्ह्यूअर हे पगारी नोकर नाहीत, स्वयंसेवक आहेत, ठाण्यात येऊन जागा बघत नाहीत, वरून नकाशा बघतात, आणि नकाशावर तुमचा ठिपका हिरव्या-निळ्याच्या सीमेवर दिसला की विचारणारच. रागावू नका त्यांच्यावर. तुमचा डबा परत पाठवून त्यांनी तुमच्यावर उपकारच केलेत.

तुमचा डबा दुसऱ्या कुठल्याही खऱ्या डब्यापासून 161 मीटर लांब असायला हवा, म्हणजे मैलाचा दहावा भाग. आपल्याकडे डबे विरळ आहेत त्यामुळे याची फार अडचण येत नाही, पण कोड्यांच्या डब्यांची (कोडं सोडवल्यावरच जागा कळते असे डबे) खरी जागा नकाशावर दिसत नाही, म्हणून ठरवण्याआधी रिव्ह्यूअरला तुमचे कोऑर्डिनेट, म्हणजे जागेचे अक्षांश-रेखांश, कळवून चालतील का ते विचारून घ्या. कोऑर्डिनेट घेताना एकदाच मोबाइल धरून पळू नका. पामबीचचे टॉवर, त्यांच्या काचा, सिग्नल आपटून येतो आणि मोबाइल तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे दाखवतो. वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा घ्या आणि सरासरी काढा. मिनिटाचा तिसरा दशांश बदलला तर साधारण 1.85 मीटरचा फरक पडतो, त्यामुळे शेवटच्या आकड्यावरही कंजूषी नको.

जाता जाता एक गंमत. हा खेळ सुरू झाला तो 3 मे 2000 ला. आदल्याच दिवशी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती, आणि डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली अर्धी जमिनीत पुरून ठेवली, आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि चक्क बीन्सचा डबा. आजच्या नियमात जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणून पुरायला बंदी, खायच्या वस्तूंना बंदी. म्हणजे जगातला पहिला डबा आज पाठवला असता तर तुमच्यासारखाच परत आला असता.

प्रश्न : परवानगी मिळालीय (कळव्याला आमच्या ओळखीच्यांच्या वर्कशॉपची मागची भिंत), पण पावसाळ्याचं काय? गेल्या वर्षी एकाचा डबा बघितला, आतल्या कागदाचा लगदा झाला होता. स्टीलचा डबा घेऊ का, गंजत नाही म्हणून?
— एक वाचक, कळवा

उत्तर : स्टीलचा डबा अजिबात नको. पाणी जाईल म्हणून नव्हे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल म्हणून. टिफिन म्हटलं की आपल्या शहरात लोकांना जेवणाआधी दुसरंच काहीतरी आठवतं. त्याच कारणाने प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांना टोपणं बसवायची आयडियाही नको, बाहेर देशात बघितली असेल, इथे नको. वायर दिसणारं काही नको, काळी चिकटपट्टी गुंडाळलेलं काही नको.

पारदर्शक प्लॅस्टिकचा, चारही बाजूंनी क्लिप लागणारा आणि झाकणात रबराची रिंग असलेला डबा घ्या. पारदर्शक एवढ्यासाठी की न उघडता आतला कागद दिसतो. बाहेर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, ‘हा शोध-खेळाचा डबा आहे, आत फक्त वही आहे, जागेच्या मालकांच्या परवानगीने ठेवला आहे’, आणि खाली नंबर. इंग्रजीत एकदा लिहा हवं तर, पण भिंतीजवळ पहिलं कोण जाणार, तर झाडणाऱ्या मावशी आणि वॉचमन.

रिंगचा खरा शत्रू पाऊस नसतो, वाळूचा एक कण असतो. शोधणारा घाईत बंद करतो, कण रिंगवर अडकतो, फट राहते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आत तळं. म्हणून वही वेगळी झिपवाल्या पिशवीत, त्या पिशवीसकट दुसऱ्या पिशवीत, बरोबर बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुड्या ओल शोषून काही दिवसांत निकामी होतात, बदलत राहायच्या. पेन नाही, पेन्सिल. शाई पसरते, आणि दमट हवेत पेन दोन महिन्यांत उमटेनासं होतं. डबा आडवा ठेवा, झाकण भिंतीकडे, जमिनीपासून निदान गुडघाभर वर, कारण कळव्यात पाणी कुठवर येतं ते तुम्हाला माहीतच आहे. मुंग्या आणि पालीची अंडी धरून चालायची. चॉकलेट-गोळ्या आत कधीच नाही, उंदीर प्लॅस्टिक कुरतडतो.

साइटवर आकार विचारतात तेव्हा 100 मिलिलिटरपेक्षा लहान तो मायक्रो, एक लिटरपर्यंत स्मॉल, त्यावर रेग्युलर. पहिल्या वेळी स्मॉल घ्या. मायक्रो लपवायला सोपा पण शोधणारा जास्त वेळ चाचपडतो, आणि जास्त वेळ चाचपडणारा माणूस जास्त लोकांच्या नजरेत येतो, माझ्या बाकाची गोष्ट वर आहेच.

प्रश्न : ताई, मी ठाण्यात सेकंड इयरला आहे. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही चिपळूणला गावी जातो. तिथे आमची स्वतःची आंब्याची बाग आहे, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. तिथे डबा ठेवला तर चालेल ना?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : परवानगीचा प्रश्न सुटला, पण देखभालीचा कोण बघणार? कुणी ‘डबा भिजलाय’ किंवा ‘डबा नाहीये’ असं कळवलं की साधारण महिन्याभरात जाऊन दुरुस्त करणं मालकाचं काम असतं, आणि तू ठाण्यात परीक्षेला बसलेला असणार. सुट्टीत गेलो आणि ठेवून आलो अशा डब्यांना रिव्ह्यूअर त्याच्यामुळेच अडवतात. गावात काका किंवा चुलतभाऊ बाराही महिने राहत असेल आणि त्याला खरोखर यात रस असेल तर त्याचं नाव रिव्ह्यूअरच्या चौकटीत लिही, तो बघेल असं सांग, मग होऊ शकतं. तुझ्या घरच्यांनाही विचार हं, बाग तुझ्या नावावर नाहीये, आणि अनोळखी माणूस हंगामात आंब्याखाली घुटमळताना दिसला तर राखणदार काय करेल याचा विचार कर.

डबा ठेवायची हौस बाजूला ठेवायची तयारी असेल तर अर्थकॅश बघ. त्यात डबाच नसतो. भूगर्भशास्त्रातली एखादी गोष्ट जागेवर जाऊन बघायची आणि मालकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. आपल्या जिल्ह्यात भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. आसपास सगळा बसाल्टचा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आता एवढ्या थंड झालेल्या दगडातून गरम पाणी कसं येतं हा प्रश्न तूच आधी स्वतःला विचारून उत्तर शोध, त्यातूनच अर्थकॅश तयार होते. पावसाळ्यात भिजायला काही नाही, चोरीला जायला काही नाही. कुंडं देवस्थानांच्या आवारात आहेत त्यामुळे विचारावं मात्र तिथेही लागतं.

प्रश्न : डबा लपवायला हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यावंच लागतं का? भाऊ दुबईहून आणतोय.
— एक वाचक, वाशी

उत्तर : मोबाइल पुरतो. भावाला एवढं नक्की सांगा की सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र आणू नको, ट्रेकवाले वापरतात ते. परवान्याशिवाय ते भारतात वापरायला बंदी आहे आणि विमानतळावर त्यावरून लोक अडकलेत. नुसतं सिग्नल घेणारं साधं जीपीएस वेगळं आणि ते वेगळं, दिसायला मात्र सारखीच.

प्रश्न : मी खारघरमधल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या गेटशेजारी विजेची पेटी आहे, तिच्या मागच्या बाजूला चुंबकाने चिकटवलेली लहान डबी वॉचमनला सापडली. सोबत फोटो पाठवतोय. आत इंग्रजी नावांची यादी. आधी आम्ही घाबरलो, मग मुलीने सांगितलं की हा काहीतरी खेळ आहे. आम्हाला कुणीही विचारलेलं नाही. फेकून द्यावी का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : घाबरलात यात तुमचं काही चुकलं नाही, आणि तुम्हाला विचारलं नाही ही चूक पूर्णपणे ठेवणाऱ्याची आहे. परदेशात दिव्याच्या खांबाखाली, विजेच्या पेटीला डबे चिकटवायची फार फॅशन आहे, तिथूनच कुणीतरी ही सवय उचलून आणली असणार. आपल्याकडे त्या पेटीचं दार किती वेळा अर्धवट उघडं असतं, आतल्या वायरी कशा लोंबत असतात आणि जुलैत खाली किती पाणी साचतं ते तुम्ही रोज बघता. तिथे ओल्या हाताने चाचपडायला कुणाला बोलावणं म्हणजे कमालच झाली.

वॉचमनला सांगा, पेटीला परत हात लावायचा नाही. पेटीमागे अजून काही अडकलंय का ते लाइनमन येईल तेव्हा त्यालाच बघू द्या.

डबी फेकू नका मात्र. मुलीला खेळाच्या साइटवर नकाशा उघडायला सांगा, तुमच्या गेटवर ठिपका दिसेल, त्यावर क्लिक केलं की ठेवणाऱ्याचं टोपणनाव आणि त्याला निरोप पाठवायची सोय असते. ‘मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, परवानगी नाही, नोंद काढून टाका’ एवढं लिहा. त्याने आठवड्यात उत्तर दिलं नाही तर हेच साइटवाल्यांना कळवा. जागेच्या मालकाने नको म्हटलं की ते वाद घालत नाहीत, नोंद बंद करतात. हे करणं महत्त्वाचं आहे, कारण नुसती डबी काढली आणि ठिपका नकाशावर तसाच राहिला तर लोक येतच राहणार आणि डबी सापडत नाही म्हणून जास्तच वेळ त्या पेटीशी खटपट करणार.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत यादीतली शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसतेय, तेव्हा ठेवणारा बहुतेक खारघर सोडूनही गेला असेल. तरी महिनाभर डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. कुणी मागायला आलं तर रजिस्टरमध्ये सही घेऊन द्या.